नीरफणसाच्या पानाची नोंद

माऊके बेट, मंगळवार

मेरेआनाताईस, धाकट्या तेपाएरूचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? ऑकलंडची थंडी त्यांना मानवत नाही म्हणतेस, पण परत यायचं नाव काढत नाहीस. असो. इकडे सगळे बरे आहेत, एक मी सोडून. आठ दिवस मला धड बसवत नाही की उठवत नाही. हे पत्रही तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. (फोनवर बोलायची सोय नाही. मी फोन उचलला की शेजारची तुआइने तारोची पानं चिरायची थांबते.)

राजधानीहून तेआरिकी नावाचा साहेब आला होता. तरुण आहे, पण घाम फार येतो. महिला मंडळाच्या सभेत म्हणाला, नवा कायदा झालाय. आजवर आपल्या गोधड्यांवरची नक्षी कोणीही उचलायची, कारखान्यात छापायची आणि पर्यटकांच्या गळ्यात मारायची. आता जिची नक्षी तिच्या नावावर नोंद होईल. अट एकच, नक्षी नवी हवी, आधी चारचौघांत दाखवलेली नको. मी उभी राहिले आणि म्हटलं, माझं नीरफणसाचं पान आहे, अजून कोणी पाहिलेलं नाही. सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. ताई, जन्मभर मला इथे 'मेरेआनाची बहीण' म्हणतात. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

(कोंबड्या आत शिरल्या होत्या, हाकलून आले.) पण टिवाएवाए काय एकटीने शिवायची गोष्ट आहे? गोधडी म्हटली की दहा जणी चटईवर बसणार, टाके कमी आणि गप्पा जास्त. मी मात्र नोंदीआधी नमुना कोणाला दिसू नये म्हणून दार लावून शिवत होते. गावाच्या मते पहिल्या आठवड्यात मी आजारी होते, दुसऱ्यात रुसले होते आणि तिसऱ्यात माझ्या घरात पुरुष होता. (वय वर्षं बासष्ट. पास्टर स्वतः येऊन पलंगाखाली बघून गेले, आणि जाता जाता केळ्याचं पोके खाऊन गेले.)

शेवटचा टाका घातला आणि दुसऱ्याच दिवशी रोंगोआजी गेली. आपल्या दोघींच्या हातात पहिली कात्री देणारी तीच. तिच्यावर घालायला मी पेटीतली जुनी गोधडी घेऊन निघाले, फाटकापर्यंत गेलेही. आजीला जुनी कशी घालू? परत फिरले आणि नवी घेतली. अख्ख्या गावाने पान पाहिलं, वाखाणलं, आणि त्यातच आजीला गुंडाळून मातीत ठेवलं. तुआइने तिथेच मला म्हणाली, "हे शिवत होतीस होय दार लावून? आम्हाला वाटलं, निदान पुरुष तरी असेल."

तेआरिकीला फोन केला. "मावशी, नमुना कुठाय?" म्हणाला. म्हटलं, जमिनीखाली. "आणि पाहिला कोणी?" म्हटलं, आजी सोडून सगळ्यांनी. मग कायदा चाळून म्हणाला, एक वाट आहे. नक्षी काढणारीने स्वतः दाखवली असेल, किंवा तिच्या परवानगीने दुसऱ्या कोणी, तर दाखवल्यापासून सहा महिने अर्ज करता येतो. पान कागदावर काढून द्या आणि नक्षी कोणाची ते शपथेवर लिहा. तो फॉर्म टेबलावर आहे आणि मी त्याच्याभोवती फेऱ्या मारतेय. हे पत्र पास्टरांच्या मुलीच्या हाती पाठवतेय, तिला नीट जेवू घाल. गुडघ्यांना खोबरेल तेल चोळत जा.

तुझी,
तेपाएरू

ता. क. तू ऑकलंडला गेलीस तेव्हा तुझ्या गादीखाली घडी घातलेला एक कागद राहिला होता. एकतीस वर्षं मी तो जपलाय. त्या कागदात हे पान तूच कापलेलं आहेस, मी फक्त देठ जरा वळवला. सभेत उभी राहिले तेव्हा मला ते खरंच माझं वाटत होतं. मला लाज वाटते.

आणखी एक ता. क. फॉर्मवर तुझं नाव लिहिलंय, शाईने. म्हणजे आता मी ते तुझ्या परवानगीने दाखवलं, एवढंच सिद्ध व्हायचं राहिलंय. विमानाच्या शिडीवरून तू ओरडली होतीस, "माझं जे राहिलंय ते वापर, वाळवीला घालू नकोस." त्यात ते पानही आलं, असं दोन ओळींत लिहून सही कर आणि पास्टरांच्या मुलीबरोबरच पाठव, ती पंधरा दिवसांनी परत येतेय. शिडीवरचं बोलणं आठवत नसेल, तर आठव.