आबांच्या गळ्यातला हार

अमरावती, ३ एप्रिल २०२५

ती. जाईआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगितलं तर गल्लीभर होईल, म्हणून पत्र. तुझ्या आजोबांची, भगवंतआबांची तसबीर फ्रेमवाल्या नत्थुजींच्या दुकानात काच बदलायला उघडली. सोबत आमच्या कॉलेजातले चित्रकलेचे कुंदन सर होते. त्यांनी खिशातून भिंगच काढलं.

आत्या, ते आबा नाहीत गं. चारशे वर्षांपूर्वी कुणा फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडच्या, चित्रकारानं लाल-काळ्या खडूनं काढलेला तो गोरा गृहस्थ आहे. आपण गळ्यातला हार समजत होतो, ती चुण्यांची कॉलर! फूलमाळ्याच्या घरी दुसरं काय दिसणार म्हणा.

कागदामागे जुन्या मालकांची नावं आहेत, ती सर वाचणार आहेत. हे आपल्याकडे आलं कसं, असं ते विचारत होते.

तुझी लाडकी (आता बहुधा दोडकी),
संध्या

अकोला, ८ एप्रिल

चि. संध्यास अ. उ. आ.

काच बदलायला दिली, तर तू आजाच बदललास! सत्तर वर्षं अक्षयतृतीयेला त्याच्यापुढे घागर भरली, हार घातला. लग्न ठरलं तेव्हा आधी त्यालाच सांगितलं. बिचाऱ्याला मराठी कुठं येत होतं!

आधी हसले, मग रडले. कामाला येणारी मैनाबाई म्हणाली, काहून रडून राहिल्या बाई, फोटोच तर होय. पण आबांचा दुसरा फोटोच नाही. तसबिरीतलेही आबा नव्हेत, तर माझ्याकडे त्यांचं काय उरलं?

आबा कापसाच्या जिनिंगच्या गोऱ्या साहेबाची बाग राखत. साहेब मायदेशी जाताना त्यानं तसबीर दिली, असं आई सांगे. दिली की उचलली, असं आता लोक म्हणतील. आमचा आजा चोर नव्हता, एवढं सरांना सांग.

तुझी,
आत्या

अमरावती, १४ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

मागे पाच नावं निघाली. चार तिकडची, त्यातलं चौथं त्या साहेबाचं. त्याखाली त्यानंच इंग्रजीत लिहिलंय, की हे चित्र अकोल्याच्या भगवंत माळ्यास प्रेमानं दिलं, माझी बाग त्यानंच फुलवली. १९२१. आबा चोर नव्हेत, पाचवे मालक आहेत!

नत्थुजी मागूनही काच बसवून देताहेत, नाव दिसावं म्हणून. सर म्हणतात, हे संग्रहालयात शोभेल. मी म्हटलं, आत्याला विचारून सांगते.

राग गेला असेल तर कळव,
संध्या

अकोला, १९ एप्रिल

चि. संध्यास अ. उ. आ.

तुझं पत्र मैनाबाईला दोनदा वाचून दाखवलं. संग्रहालयाचं माझ्या माघारी बघ. अक्षयतृतीयेच्या आत तसबीर घेऊन ये. भिंतीला नको, फडताळावर उभी ठेवू.

येताना मोगऱ्याचे दोन हार आण. एक पुढून त्या पाहुण्याला, इतकी वर्षं आमचं ऐकून घेतलं म्हणून. दुसरा मागून, आबांच्या नावाला.

राग नाही, वाट पाहते,
तुझी आत्या