एका घोडीच्या दोन घोड्या झाल्याबाबत

प्रति,
माननीय अधीक्षक,
अश्व विभाग, मुख्य कार्यालय.

विषय: आमच्या शाळेत एकच असलेली घोडी कागदावर दोन झाल्याबाबत, व त्यातील एक उचलून नेण्याचा हुकूम मागे घेण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचे ‘जादा घोडी हलविणे’ हे पत्र.

महोदय,

सविनय विनंती की, आपण खुर्ची जरा पुढे ओढावी, दार लोटून घ्यावे आणि कान इकडे द्यावा. अर्ज म्हणून वाचाल तर कपाळाला आठी पडेल. गोष्ट म्हणून ऐकाल तर देव साक्षी आहे, हातातला चहा गार झालेला कळणार नाही. मी घोडेस्वारी शाळेतील मोतद्दार. घोड्यांचे खाणेपिणे, खरारा, खूर आणि रुसवे-फुगवे माझ्याकडे असतात. सायंकाळी तबेल्यासमोरच्या सभागृहात बुवांचे कीर्तन ऐकतो. त्यामुळे मुद्द्यावर यायला थोडा उशीर होतो, तो पोटात घालावा.

१) गोष्ट आहे आत्याबाईंची. दप्तरी या घोडीचे नाव निराळे आहे, परंतु नवशिक्याने रिकिबीत चुकीचा पाय घातला की ती मान वळवून ज्या नजरेने बघते, ती पाहून सगळे तिला आत्याबाईच म्हणतात. स्वभावाने गाय. आजवर कोणाला पाडले नाही. फार तर उतरवून ठेवले असेल.

२) थंडीत घोड्यांना दाट केस येतात. दौड झाली की त्या केसांत घाम मुरतो, लवकर वाळत नाही, आणि जनावराला गारठा धरतो. म्हणून कामाच्या घोड्याचे केस यंत्राने कापावेत व वर गरम झूल घालावी, अशी रीत आहे. त्याप्रमाणे आमच्या उस्तादांनी, म्हणजे स्वारी शिकवणाऱ्यांनी, आत्याबाईंचे केस कापण्यास सांगितले. सांगणे योग्यच होते. मी मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत डावे अंग कापले, आरशासारखे केले. यंत्र पाठीच्या कण्यावर आले, एकदा खोकले, आणि त्याने जे डोळे मिटले ते आजतागायत उघडलेले नाहीत. सबब, आत्याबाई डावीकडून गुळगुळीत व उजवीकडून अस्वल, अशा अवस्थेत आहेत.

३) यंत्र दुरुस्तीसाठी आपल्याकडेच पाठविले आहे. ‘थंडी संपल्यावर पाहू’ असे उत्तर आले. उत्तर आदरपूर्वक जपून ठेवले आहे. दरम्यान समोरच्या गल्लीतील न्हावी परोपकार म्हणून कात्री घेऊन आला. कात्रीचा आवाज ऐकताच आत्याबाईंनी त्याचा कंगवा तोंडात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. जाताना तो म्हणाला, “मामा, गिऱ्हाइकाला मी मान हलवू नका म्हणतो. हिला काय म्हणू? आणि माझा कंगवा कोण भरून देणार?” आत्याबाईला मिशा असत्या तर काय झाले असते, हे लोक उगाच विचारतात. अर्ध्या अंगाला केस असले म्हणजे काय होते, ते इथे येऊन पाहावे.

४) झूल मागण्यास भांडारपालांकडे गेलो. भांडारपाल सज्जन आहेत, परंतु नियम त्यांच्याहून सज्जन. नियमात ‘केस कापलेल्या घोड्यास एक झूल’ असे आहे. ते म्हणाले, “अर्धी कापलीस, अर्धी झूल देऊ का? फाडायचा अधिकार मला नाही. पूर्ण कापून आण, पूर्ण झूल ने.” मी म्हटले, साहेब, यंत्र आपल्याच खात्याकडे निजले आहे. ते म्हणाले, “मग ते उठेपर्यंत थांब.” मी थांबेन, महोदय, मला स्वेटर आहे.

५) नाइलाजाने घरातील रजई नेली. आमच्या सौ. म्हणाल्या, “ही तुमची आत्याबाई खरीच आत्याबाई हो! माहेरी आल्यासारखी माझी रजई उचलून नेली.” परंतु रजई लहान, आत्याबाई मोठ्या. शेवटी बुवांनी स्वतः सभागृहातील सतरंजी तिच्या पाठीवर घातली व म्हणाले, “श्रोत्यांनी दोन घटका फरशीवर बसावे. जिला बसताच येत नाही, तिला पांघरूण आधी.” तेव्हापासून कीर्तनात एकही श्रोता पेंगत नाही. थंड फरशीने जे साधले, ते टाळांनी आजवर साधले नव्हते. बुवा सतरंजी परत घ्यायला तयार नाहीत.

६) आता खरे दुखणे. दिवसा सतरंजी वाळत घालावी लागते. तेवढा वेळ आत्याबाई अंगणातल्या भिंतीपाशी उभ्या राहतात व उघडे अंग उन्हाकडे करतात. सकाळी ऊन फाटकाच्या बाजूने येते, तेव्हा फाटकातून त्यांचे डावे, गुळगुळीत अंग दिसते. दुपारनंतर ऊन फाटकाच्या उलट बाजूने येते. त्या आपणहून फिरून उभ्या राहतात, आणि फाटकातून उजवे, केसाळ अंग दिसते. रिंगणातही हेच. उजवीकडे वळत गेले की उन्हाच्या टोकाला डावे अंग बाहेर, म्हणजे उन्हाकडे, राहते, म्हणून त्या डावीकडे वळतच नाहीत. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आमच्याकडे स्वारी शिकतात. त्या आता रस्त्यानेसुद्धा उजवीकडेच वळतात व घरी उशिरा पोचतात, असे त्यांच्या यजमानांचे म्हणणे आहे.

७) आपल्या कार्यालयाकडून एक तपासनीस सकाळी आले. अंगणात चिखल, वरून बोचरा वारा. त्यांनी फाटकातूनच पाहणी केली व ‘एक गुळगुळीत घोडी, तजेलदार’ असे लिहिले. दुसरे तपासनीस दुसऱ्या दिवशी दुपारी आले. चिखल तोच, वारा तोच, फाटकही तेच. त्यांनी ‘एक केसाळ घोडी, समाधानी’ असे लिहिले. दोघेही खरे बोलले. आपल्या कार्यालयाने दोन खऱ्यांची बेरीज केली आणि आमच्या शाळेत एक घोडी जादा निघाली.

८) उस्तादांनी दूरध्वनी करून खुलासा केला. पलीकडचे लिपिक म्हणाले, “दोन साहेबांनी दोन घोड्या पाहिल्या. तुम्हाला एकच दिसते. मग डोळे कोणाचे तपासायचे?” उस्ताद घोड्यावरून कधी पडले नाहीत, त्या वाक्यावर मात्र खाली बसले.

९) त्यानंतर संदर्भातील पत्र आले. जादा ठरलेली गुळगुळीत घोडी डोंगरावरच्या ठाण्यावर ओझी वाहण्यास पाठवावी, केसाळ घोडी शाळेत ठेवावी, असा हुकूम आहे. महोदय, तो मानण्यास मी तयार आहे. परंतु गुळगुळीत घोडी गाडीत चढविली की केसाळ घोडी तिच्या मागोमाग, किंबहुना तिच्याबरोबरच, चढते. दोघींना वेगळे करील असे यंत्र आमच्याकडे नाही. जे होते, ते आपल्याकडे दुरुस्तीला आहे.

१०) थट्टा पुरे. डोंगरावर बर्फ आहे. तिथे ऊन कोणत्या बाजूने येईल, हे पाहायला आत्याबाईंना कोणी सवड देणार नाही. पहाटे बादलीवरची बर्फाची साय फोडून पाणी कोमट करणे, लगामाचे लोखंड तोंडात घालण्यापूर्वी तळहातात धरून ऊबदार करणे, घामावर गवताची जुडी फिरवणे, ही कामे मी तोंडाने बुवांचे पद म्हणत करतो. पद संपेपर्यंत लोखंड तापते. लोखंड गार असले की ती तोंड उघडत नाही, आणि हट्टी म्हणून मार खाईल. आजवर तिने मार म्हणजे काय ते पाहिलेले नाही. या वयात तो धडा मिळू नये, एवढेच माझे मागणे आहे.

११) बुवा परवा निरूपणात म्हणाले की, वस्तू एकच असते, आपण आपल्या बाजूने पाहतो म्हणून ती दोन भासते. सारे सभागृह माझ्याकडे वळून हसले. दोष आपल्या तपासनिसांचा आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही; दोष उन्हाचा आहे. तरी कृपावंत होऊन आपण स्वतः यावे, चिखलाची पर्वा न करता फाटकातून आत यावे, आणि आत्याबाईंना समोरून पाहावे. समोरून दोघीही एकदम दिसतात. नाक मात्र एकच आहे. त्या नाकावर हात ठेवून ‘घोडी एक’ असे आपण स्वहस्ते लिहून द्यावे, ही हात जोडून विनंती.

आपल्या दारी कान लावून बसलेला,
तबेल्यातले मामा
(मोतद्दार, घोडेस्वारी शाळा)

सोबत:
(अ) डाव्या अंगाचे कापलेले केस, एक चिमूट.
(आ) उजव्या अंगाचे न कापलेले केस, एक चिमूट. हे खराऱ्यात आपणहून आले. रंग ताडून पाहावा.
(इ) न्हाव्याची कंगव्याबाबतची तक्रार.

ता. क. अर्ज पाकिटात घालीत असतानाच गाडी आली. चालक तरणा आहे, पण विचारी. आत्याबाईंना त्याने डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले, डोके खाजवले व म्हणाला, “मामा, माझ्या कागदावर फक्त गुळगुळीत घोडी आहे. ह्या केसाळ बाजूची सही मला कोणी दिलेली नाही. उद्या वाटेत अडवले तर अर्धी घोडी चोरीची ठरेल. साहेबांचे उत्तर येईपर्यंत मी गाडीला हात लावत नाही.” सध्या तो कीर्तनाला बसला आहे, फरशीवर, आणि टाळ बरा धरतो. तेव्हा उत्तराची घाई आम्हा कोणालाच नाही. फक्त ते एका घोडीचे असावे. आणि एक मागतो. उद्या सकाळी कचेरीला निघताना कोटाची एक बाही चढेल आणि दुसरी चढायची असेल. तेवढ्या क्षणापुरते, महोदय, अंगाला वारा लागू द्यावा, आणि आमच्या आत्याबाईंची आठवण ठेवावी.