दर शुक्रवारी तोच खून

१० जानेवारी २०२५, शुक्रवार
जुम्मा झाला, जेवण झालं, आणि बरोबर सव्वादोनला ह्यांनी तोच काळापांढरा इंग्रजी सिनेमा लावला. एक मिनिट इकडेतिकडे नाही. नमाजेला अशी घाई कधी दिसली नाही. धुकं, बंदराचं गाव, टोपीवाले लोक, मग खून. घरात दर शुक्रवारी खून झाल्यावर बरकत कुठून येणार?
निश्चय: रमजान लागायच्या आत हे व्यसन सोडवायचं.
मला जमेल. रेहानने लंडनमध्ये न विचारता लग्न केलं तेव्हा घर मीच ताळ्यावर ठेवलं. तो माफी मागेपर्यंत इथून त्याला कोणी फोन करणार नाही, अशी अल्लाची कसम मी घेतली, ह्यांनाही घ्यायला लावली. दीड वर्ष झालं. पोरगा वाकतो आहे. आईला कळतं.
ह्यांच्यावरही परिणाम आहेच. ऑगस्टमध्ये आपणहून म्हणाले, आखातातल्या ह्या उन्हात उम्म सलालच्या साइटवर राबणाऱ्या दहा मजुरांसाठी पुलाव कर. दहा डबे भरून दिले. खर्च झाला, पण सवाब माझाही.

१७ जानेवारी
तीनच्या सुमाराला खिडकीत हातमोजा घातलेला हात येतो. बाई किंचाळते. त्यानंतर कोणी तरी हसतं. स्वयंपाकघरात मला स्पष्ट ऐकू आलं. खुनाला हसणारी ही कसली माणसं?
रेहान लहानपणी ह्याच हाताला घाबरून सोफ्याच्या मागे लपायचा. तेव्हाच सीडी मोडायला हवी होती.

२४ जानेवारी
उपाय सापडला. शेवट कळला की कोण बघेल? लेकीकडून, माहिराकडून काढून घेतला आणि जेवताना सांगून टाकलं, खून टपालमास्तराने केला.
हे म्हणाले, तीस वर्षं माहीत आहे, भात वाढ.
माहिरा इंग्रजीत म्हणाली की ते सगळ्यांनाच माहीत असतं, त्यासाठी कोणी बघत नाही. मग कशासाठी, विचारलं तर खांदे उडवले. वरच्या मजल्यावरच्या जयमालावहिनी सांगत होत्या, त्यांच्या सासऱ्यांचंही हेच वेड. पुढे काय होणार ते माहीत असलं की जीवाला बरं वाटतं म्हणे. मॅट्रिकला फर्स्ट क्लास होता माझा, पण हे काही पटलं नाही.

७ फेब्रुवारी
स्वतः तसबीहची माळ घेऊन ह्यांच्या शेजारी बसले. हात आला, बाई किंचाळली. कोणी हसलं नाही. ह्यांचा फोन मांडीवर उपडा होता आणि लक्ष टीव्हीकडे नव्हतंच. ह्यांनी सिनेमा अर्ध्यात बंद केला.
व्यसन सुटलं. अल्हमदुलिल्लाह. एका बैठकीत.

१४ फेब्रुवारी
जयमालावहिनींकडे जाते सांगून निघाले. तसबीह विसरली म्हणून परत आले. तीनला दोन मिनिटं होती.
पॅसेजमध्येच आवाज आला. हे म्हणत होते, "आला, आला बघ हात." आणि ते हसू. सिनेमातलं नव्हतं. फोनमधलं होतं. तिकडे लंडनला तेव्हा बारा वाजतात, रेहानच्या ऑफिसची जेवणाची सुट्टी.
मी दारात उभी राहिले. ह्यांनी फोन ठेवला. मी म्हटलं, कसम घेतली होती ना.
"मोडली. मोडल्याचा कफ्फारा दिला. दहा गरिबांना जेवण. पुलाव तूच रांधलास, ताहेरा."

१५ फेब्रुवारी
रात्रभर विचार केला. चूक ह्यांचीच. पण ऑगस्टपासून दर शुक्रवारी तो घरात हसून जातो आणि मी भांडी घासत असते.
रेहान माझ्यासाठीच फोनवर येत असणार. लाजतो. वडिलांचं निमित्त.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
पहाटे उठून दहा डब्यांचा पुलाव केला. हे साइटवर देऊन आले. आता माझीही कसम मोकळी.
तीनला पाच मिनिटं असताना ह्यांनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मी बोलते आहे. रमजान मुबारक म्हणायचं ठरवलं होतं, माफ केलं म्हणायचं ठरवलं होतं. विचारलं, जेवलास का. तो म्हणाला, येस. समोर टीव्ही चालू होता. मी म्हटलं, खून टपालमास्तराने केला.
"आय नो, मम्मी. पप्पांना द्या."
दिला. खिडकीत हात आला. बाई किंचाळली. फोन ह्यांच्या कानाला होता, मी अगदी जवळ सरकून बसले होते.
कोणी हसलं नाही.