तांब्यातला गोटा

६ ऑक्टोबर

बदलताना दगडाला दुखतं का? आज पहिल्याच दिवशी खुशबूने मला हे विचारलं. मी तिला सांगत होते की जमिनीत खोल गेलेला खडक वितळत नाही. घट्ट असतानाच दाबाने आणि उष्णतेने त्याचं रूप पालटतं. साध्या चिखलाच्या थराचा असा चमचमता अभ्रकी दगड होतो. तिने डोळे बारीक केले. "म्हणजे तो जागीच राह्यते अन् दुसराच होते. मंग त्याले दुखते का जी?" बीएस्सीच्या तीन वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं.

बाकी दिवस आनंदाचा गेला. खैरटोली आंबागडच्या पलीकडे, जंगलाला लागून आहे. खडकांचे नमुने गोळा करून ओळखायचे, हे माझं काम. शहापूरला आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही. आईने आज एसटीच्या कंडक्टरलाही सांगितलं की ही दगडांची डॉक्टर आहे.

राहायला देवाजी आणि सुलोचनाबाई यांच्याकडे खोली मिळाली. बोडीच्या पाण्यावर त्यांचं धान पिकतं. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला बांधलेलं लहान तळं. मोनू त्यांचा तीन वर्षांचा मुलगा. खुशबू देवाजींची पुतणी, पाचवीत आहे. तिची आई आधीच गेली, वडील तुलाराम दोन वर्षांपूर्वी. पोर फार हुशार आहे. हिला शिकवायचंच, असं मी मनात ठरवून टाकलं.

९ ऑक्टोबर

फोडलेल्या दगडाची ताजी बाजू जिभेने ओली केली की कण स्पष्ट दिसतात. आमच्या क्षेत्रात सगळेच तसं करतात. सुलोचनाबाईंनी पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "काहून जी म्याडम, आमची भाजी आवडली नाही का? दगड चाटून राहिल्या!" आता जेवायला वाढताना रोज विचारतात, मीठ पुरते की गोटा आणू?

संध्याकाळी खुशबूला काठिण्य कसं तपासतात ते दाखवलं. नखाने जिप्समवर ओरखडा उठतो, कॅल्साइटवर उठत नाही. तिने नख ओढलं आणि कॅल्साइटवर खोल रेघ उठली. नमुना खराब असावा. दुसरा मागवते.

तिचा पाण्याचा तांब्या वेगळा आहे, तळाशी एक काळा गोटा असतो. मी चुकून तो उचलला तर देवाजींनी जवळजवळ हिसकावलाच. मग ओशाळून हसले, तिचाच आहे तो, म्हणाले. तब्येतीसाठी काही तोडगा असेल.

१५ ऑक्टोबर

आज बोडीच्या पाळीवर गेले. पाळ म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध. त्यावर ओळीने दगड उभे आहेत, माणसाच्या उंचीचे, गार्नेटचे लाल दाणे असलेले. या भागात असा खडक मिळतो, पण एकावरही छिन्नीचा घाव नाही, आणि खडकातून निखळल्याची खूणही नाही. प्रत्येकाला नाव आहे. शेवटचा तुलाराम. त्याच्याशेजारी एक अगदी लहान, उशीएवढा. पूर्वजांची आठवण म्हणून उभे केले असतील. खुशबू तुलारामच्या दगडापुढे रोज भाकरीचा तुकडा ठेवते.

ताजा पृष्ठभाग पाहण्यासाठी मी हातोडा उचलला. खुशबू माझ्या दंडाला लोंबकळली. "बाबाले मारू नका जी!" मी लगेच हातोडा ठेवला, लाज वाटली. मग फक्त चुंबक फिरवलं. सगळीकडून सुटत होतं. खाली, माणसाची पोटरी असते तेवढ्या उंचीवर, टचकन चिकटलं. दगडाच्या आतून गंजाची एक बाकदार रेघ बाहेर आली होती.

दगडांच्या ओळीच्या पुढे पाळ गळते आहे. देवाजी रोज तिथे चिखल लिंपतात.

२१ ऑक्टोबर

आज कापणी सुरू झाली. बांधावर जेवताना सुलोचनाबाई मला विळा धरायला शिकवत होत्या. हसत म्हणाल्या, जपून, नाहीतर आमच्या भाऊजीसारखं होईल. धान कापताना तुलारामच्या पोटरीत विळ्याचं टोक मोडलं आणि आतच राहिलं. कधी निघालं नाही. थंडीत ठणकायचं.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी पाळीकडे पाहिलं. त्यांनी मला पाहताना पाहिलं, आणि त्यांचं हसणं थांबलं.

२२ ऑक्टोबर

देवाजींनी सगळं सांगितलं. मी विचारत राहिले म्हणून. पणजोबांनी बोडी बांधली, तेव्हा पाळ दर पावसाळ्यात फुटायची. एका वर्षी ते स्वतःच्या पाठीने पाणी अडवून बसले. सकाळी त्यांच्या जागी दगड होता, आणि पाळ टिकली. तेव्हापासून पाळ गळायला लागली की घरातलं एक माणूस पाळीतला गोटा तांब्यात घालून त्याचं पाणी पितं.

तुलारामने नाही म्हटलं होतं. बायको गेल्यावर दोन्ही लेकरं घेऊन साकोलीला पळाला, हॉटेलात कामाला लागला. तांब्या इथे भरलेला राहिला, कुणी प्यायलं नाही. साकोलीत, पाळण्यात, त्याचं तान्हं पोर एके दिवशी उचलेना, इतकं जड झालं. मग तो त्याला घेऊन परत आला आणि प्याला.

तो उशीएवढा दगड.

यंदा खुशबू का, असं मी ओरडले. देवाजी खाली पाहत म्हणाले, "कोणी नाही पेलं तर पाळ मोनूले नेते जी. सगळ्यात लहानाले नेते. अन् आमी गेलो तर मोनूले कोण पाह्यते?"

खुशबू दारात उभी होती. तिला माहीत आहे. पहिल्या दिवशी ती दगडाबद्दल विचारत नव्हती.

२४ ऑक्टोबर

दुसरा कॅल्साइट आला. खुशबूच्या नखाने त्यावरही रेघ उठली. काचेवर अजून उठत नाही. मी शिकलेली आहे, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, असं लिहिणार होते. पण मी तपासणी केली आहे. तपासणीवर विश्वास ठेवायलाच तर शिकले.

कुणीतरी प्यायलं पाहिजे. घरातलं माणूस. मी या घरात जेवते, झोपते. एवढं पुरेल का — माहीत नाही.

२६ ऑक्टोबर

पुरलं. खुशबूच्या तांब्यात नाल्यातला साधा गोटा टाकला. पाळीतला माझ्याकडे आहे. पाणी गार, जरा लोखंडी चवीचं. आज माझ्याही नखाने कॅल्साइटवर रेघ उठली.

सुलोचनाबाईंनी मला पिताना पाहिलं. आज सकाळी माझा तांब्या त्यांनीच भरून ठेवला. आता म्याडम म्हणत नाहीत. पोरी म्हणतात.

३० ऑक्टोबर

खुशबूचं नख कॅल्साइटवर घसरलं. रेघ नाही! दगडही पुन्हा मऊ होतात, पाणी मिळालं की — ते तिला सांगायचं राहिलं.

माझ्या नखाने काचेवर रेघ उठते. मोबाइलला माझं बोट कळत नाही. दाबते, काहीच होत नाही. सुलोचनाबाईंकडून प्रितमला, माझ्या भावाला, फोन लावून घेतला. ये म्हटलं. का ते नाही सांगितलं.

२ नोव्हेंबर

प्रितम येऊन गेला. खुशबूला शहापूरला नेलं. तिथल्या शाळेत नाव घाल, माझ्या खोलीत झोपू दे, असं त्याला सांगितलं. माझा हात पदराखाली होता. त्याला वाटलं भाजलं. आईला सांग, काम संपलं की —

खुशबूने जाताना गळ्याला मिठी मारली. तिचे हात मऊ होते. लगेच मागे झाली. तिला कळलं.

४ नोव्हेंबर

डावा हात गेला. जड. त्यावर मुंगी चालते आहे. हलवता येत नाही, पण मुंगी कळते. प्रत्येक पाऊल — हे कुणी सांगितलं नव्हतं.

तुलारामला थंडी कळत असेल. विळ्याचं टोक —

५ नोव्हेंबर

पाळीवर येऊन बसले. गळत होती तिथेच, पाठ लावून. देवाजी वही धरून आहेत, रडताहेत. तांब्या रिकामा केला. गळती थांबली.

खुशबूला एवढंच सांगा, दुखत नाही. पुढचं तिला वाचून दाखवू नका. आत सगळं कळत राह