भोंगा ऐकलास की बघ

फुलास, लाडूकडून,

काल आपल्या नंदिगड्ड्यावरनं सागवानाची लॉरी गेली न्हवं? ती मी हाकत होतो.

वरीसभर मी नुसता क्लिनर. लॉरी धुवायची, पोटाला जेवण, पगार न्हाई. आमच्या लॉरीचे डायवर खाजासाब उस्ताद, त्यांची एक रीत हाय. शिकाऊ गड्याच्या हातात पहिल्यांदा स्टेरिंग देत्यात ते त्याच्याच गावच्या रस्त्यावर. म्हणत्यात, "तितं तुझी माणसं, तुझी गुरं. तितं कोण बेफाम हाकंल? फकस्त रस्त्यावरची नजर काढायची न्हाई."

तू देवळापाशी गवताचा भारा घिऊन हुबी हुतीस. म्या मान वळवली न्हाई, डोळ्याच्या कोपऱ्यातनं दिसलीस तेवडीच. आन् तू तर परका डायवर समजून डोईवर पदर ओढलास, पाठच फिरवलीस. मला रागबी आला आन् बरंबी वाटलं.

गाव मागं पडल्यावर उस्ताद हसले. "झालास रं डायवर!"

आता पगार चालू झाला. घरची सुट्टी मातर उळवीच्या जत्रेलाच. तवर दर फेरीला गावावरनं जाईन, पर थांबायची मुभा न्हाई. म्हणून देवळापाशी दोनदा भोंगा वाजवीन. त्यो तुझ्यासाठी.

पर हे पत्र तुला दुकानदार दत्तात्रय शेट वाचून दावणार. मग भोंगा वाजला की सगळा गाव तुझ्या तोंडाकडं बघंल. तवा हे धाडत न्हाई, खिशातच ऱ्हाऊ दे.

भोंगा ऐकलास की कुणी न सांगता तुझी तूच वळून बघ.

तुझा घरधनी,
लाडू डायवर