आंबील आणि चहा

मळवली. गुरुवार, ९ जानेवारी १९६४.

आंबिलीची आंबट चव अजून तोंडात आहे. सकाळी लोहगडवाडीच्या उतारावर धावताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कडेला बसलो. गेल्या वर्षी पुण्याच्या शर्यतीत असाच बसलो होतो, तो उठलोच नाही. येत्या रविवारी तीच शर्यत. रिकाम्या पोटी अंग हलकं राहतं, हा नियम माझाच. कुणाला विचारला होता?

मागून वाडीचे दूधवाले आले. कावडीला चरव्या, पाय मळवलीला आगगाडी गाठायच्या घाईत. तरी थांबले. त्यांच्यातले थोरले धोंडूआबा म्हणाले, "मास्तर, पोटात काय हाय?"

"चहा."

"मंग चहालाच पळू द्या की. तुमी बसा."

सगळे हसले. आबांनी तांब्यातली आंबील पाजली. मी उठल्यावर मला सर्वांच्या पुढे घातलं. त्यांची रीतच तशी: जो दमला तो पुढे, बाकीच्यांनी त्याच्या पावलानं यायचं.

"माझ्यापायी गाडी चुकेल, आबा."

"चुकली तर दूध नासंल. म्हून तर पळा."

पळालो. पाठीशी सात जणांची पावलं. गाडी मिळाली.

रविवारी मागे कुणी नसेल. त्यांचं दूध रोजचं. पण आंबील नेता येईल. आत्ताच नाचणीचं पीठ ताकात भिजवलं. उद्या पहाटे शिजवून प्यायची, वाडीवर चढायचं आणि त्यांच्याबरोबर उतरायचं. रविवारी बसायचं नाही. आणि सोमवारपासून उतारावर माझी जागा मागे.