इस्त्रीखालचा देश

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही मला धड आठवत नाही. नजर आठवते. परदेशी पाहुण्यांच्या बैठका व्हायच्या त्या सरकारी ऑफिसात तुम्ही चपराशी. टेबलावर मांडायचे छोटे झेंडे धुऊन इस्त्री करायला दिल्लीत आर. के. पुरमच्या आपल्या क्वार्टरवर आणायचात. माझी शाळा चौथीत सुटलेली, म्हणून ते काम माझ्याकडे. एकदा कोळशाच्या इस्त्रीतून ठिणगी उडाली आणि एका झेंड्याला बोराएवढं भोक पडलं. तुम्ही मारलं नाहीत. झेंडा उजेडात धरलात, भोकातून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "कुणाला बोलायचं नाही." पंधरा दिवसांत त्या देशाचा राजा पळाला, रस्त्यावर रणगाडे आले. रेडिओवर बातमी लागते तेव्हा तुम्ही जेवताय. घास हातात तसाच, आणि डोळे माझ्या बोटांवर. त्यानंतर मला एकाही झेंड्याला हात लावू दिला नाहीत. मी म्हटलं, बरं झालं, काम वाचलं.

गेल्या आठवड्यात नात शाळेतून झेंडा घेऊन आली. तिथे हल्ली एकेक पोर एकेक देश होऊन भांडतं, त्याला बक्षीसही असतं. "आजी, मला पापाचाच देश मिळाला! प्रेस करून दे ना." तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, तिकडे आखातात नोकरीला आहे. मी म्हटलं, "आईला सांग." तर म्हणे, "ती मीटिंगमध्ये आहे, यार." "यार असतील तुझ्या वर्गात," म्हटलं आणि घेतला झेंडा. विजेची इस्त्री, तिच्यातून ठिणगी कुठली उडणार? पण कापड चकचकीत, दिखाऊ; इस्त्रीला चिकटलं. सोडवलं तर बरोबर तेवढंच भोक. मी ते उजेडात धरलं नाही.

चौथ्या दिवशी टीव्हीवर मुलाच्याच शहरावर धूर. सून म्हणाली, "आई, त्याच्या ऑफिसने सांगितलंय, बिल्कुल सेफ आहे." मी विचारलं, "सांगणारा बसलाय कुठे? गुडगावातच ना?"

मग मी मुलाला फोन लावला. झेंड्याचं सांगितलं असतं तर हसला असता. म्हटलं, "छातीत दुखतंय, ये." "आई, नाटक करतेस का?" "हो, आणि शेवटचा अंक आहे." चिडला, पण गेला विमानतळावर. विमानं बंद होत चालली होती. त्याला मिळालं एक. आज सकाळी निघालंय, दुपारी उतरेल.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुमच्याशिवाय हे कुणाला खरं वाटणार नाही, म्हणून लिहिलं. आणि एक सांगायचं राहिलं. विमान निघाल्याचा फोन आला तेव्हापासून छातीत खरंच दुखतंय. सून बाहेरच्या खोलीत आहे, हाक मारली तर ऐकू जाईल. तो उतरेपर्यंत मारणार नाही.